मीटर कुणाच्या नावावर?

[दृश्य: लक्झेंबर्गचा फिंडेल विमानतळ, रात्र. मालवाहू जंबोच्या पंखाखाली इंधनाची नळी.]

कामगारानं काचेच्या बरणीत थोडं इंधन काढलंय. दिव्यासमोर बरणी धरून तो बघतो, तळाला पाणी नाही ना, गाळ नाही ना. रेशनवर निळं रॉकेल मिळायचं, आठवतं? त्याचंच हे चोख भावंड. उणे ४७ अंशांपर्यंत न गोठणारं.

बरणी ठीक आहे. मीटर पळू लागतो.

या जंबोच्या टाक्यांत दोन लाख लिटरहून जास्त इंधन मावतं. माल जर्मनीतला असो, विमान चीनला जाणारं असो, इथं भरलेला प्रत्येक लिटर लक्झेंबर्गच्या नावावर चढतो. देशाची वस्ती सात लाखांच्या आत. त्यामुळे दरडोई विमान-इंधनाच्या तक्त्यात हा चिमुकला देश पार वर जाऊन बसतो. लक्झेंबर्गकर ऊठसूट उडतात असं नाही. कारगोलक्स ही मालवाहू कंपनी इथली, एवढंच. मुंबई–फ्रँकफर्ट विमानाचंही तसंच. जातानाचं इंधन भारताच्या खात्यात, येतानाचं जर्मनीच्या.

[दृश्य: देशोदेशीच्या विमान-इंधनाचा आलेख. रेषा हळूहळू उमटतात.]

२०२०चा एप्रिल. युरोपातली उड्डाणं जवळजवळ नव्वद टक्क्यांनी घटली आणि सगळ्या देशांच्या रेषा एकदम दरीत कोसळल्या. मग त्या वर चढल्या, पण सारख्या नाही.

फिनलंड बघा. आशियाला जायची जवळची वाट, हेच हेलसिंकीचं भांडवल. २०२२च्या फेब्रुवारीत रशियाचं आकाश बंद झालं आणि टोकियोचा साधारण नऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. फेऱ्या घटल्या, पण उरलेल्या प्रत्येक फेरीला इंधन मात्र जास्त. देशाच्या एकूण आकड्यात ही ओढाताण दिसतही नाही.

[दृश्य: छोटं प्रवासी विमान उतरतं. इंधनाचा टँकर जवळ येत नाही.]

याला इंधन नको का? नको. परतीचंही घेऊनच आलंय.

बांद्याकडची मंडळी पत्रादेवी ओलांडून गोव्यात टाकी फुल्ल करून येतात, लिटरमागे चार पैसे वाचतात म्हणून. विमान कंपन्यांचाही हाच हिशेब. फरक इतकाच, की जादा इंधनाचं ओझं आकाशात वाहायला आणखी इंधन जाळावं लागतं. युरोपातली हवाई वाहतूक सांभाळणाऱ्या युरोकंट्रोल या संस्थेनं २०१९मध्ये गणित मांडलं: कंपन्यांची वर्षाला साधारण २६.५ कोटी युरोंची बचत, आणि त्यापायी सुमारे ९ लाख टन जादा कार्बन डायऑक्साइड. शिवाय उड्डाण एका देशातून, विक्रीची नोंद दुसऱ्याच देशात.

२०२५पासून युरोपीय संघानं याला आळा घातलाय. संघातल्या ज्या विमानतळावरून उडायचं, तिथल्या वर्षभराच्या गरजेपैकी किमान ९० टक्के इंधन तिथंच भरायचं. त्यात २ टक्के शाश्वत इंधन, म्हणजे वापरलेल्या खाद्यतेलासारख्या गोष्टींपासून बनवलेलं, मिसळण्याची सक्ती पुरवठादारांवर.

[दृश्य: पुन्हा फिंडेल. नळी सुटते.]

मीटर थांबला. पावती वर कॉकपिटमध्ये गेली. सही झाली. पहाटेच्या आत जंबो लक्झेंबर्गची हद्द ओलांडेल. त्याला काही मिनिटं पुरतात.