दोन सेकंदांचा लंबक

(दृश्य : प्रॅक्टिकलच्या जर्नलांचा गठ्ठा. एकेक पान उलटतंय.)

लंबकाच्या दोलनांवरून गुरुत्वत्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, काढायचा प्रयोग. निकालाची ओळ बघा. गुरुत्वत्वरण : ९.८१. पुढच्या जर्नलमध्ये ९.८१, त्याच्या पुढच्यातही तेच. हातातल्या स्टॉपवॉचनं मोजणाऱ्या तीन जोड्यांची उत्तरं दोन दशांश स्थळांपर्यंत अशी जुळत नसतात. शिवाय मुंबईत हे मूल्य ९.७९च्या आसपास आहे. ९.८१ युरोपच्या अक्षांशांवरचं, पुस्तकातून उतरलेलं. मुलं याला ‘रीडिंग जुळवणं’ म्हणतात.

(दृश्य : फोर्ट. राजाबाई टॉवर, खालून वर.)

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालं. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ साली हा टॉवर पूर्ण झाला, तेव्हाही कामाची वाटणी हीच होती. पुढे विद्यापीठाचे स्वतःचे विभाग आले, अभ्यासक्रम कितीदा तरी बदलले. पण परीक्षकाला काय दिसेल हे आधी बघायचं आणि प्रयोग मग करायचा, ही सवय अजून प्रयोगशाळेत मुक्कामाला आहे.

(दृश्य : उपनगरातल्या कॉलेजची प्रयोगशाळा. पंखे बंद. टेबलावर दोरा, लोखंडी गोळा, रबरी चेंडू, पाण्याची बाटली.)

इथे आज कृतीचा कागद दिलेला नाही. फळ्यावर एकच वाक्य आहे : एका दोलनाला, म्हणजे जाऊन परत यायला, बरोबर दोन सेकंद लागतील असा लंबक करा.

एवढी एक अट मुद्दाम घातली आहे. ‘काहीतरी नवीन करा’ म्हटलं की वर्ग गोठतो. दोन सेकंद म्हटलं की हात दोऱ्याकडे जातात.

पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. प्रत्येकानं आपल्या कागदावर किमान तीन कल्पना लिहायच्या, मग कागद शेजाऱ्याला द्यायचा. गटात बसून एकदम बोलायला लागलं की एकाचं ऐकताना दुसऱ्याची कल्पना विरते. येल विद्यापीठात १९५८ साली हे तपासलं गेलं : चौघांनी एकेकट्यानं काढलेल्या कल्पना एकत्र केल्या, तर त्या चौघांच्या गटाच्या जवळजवळ दुप्पट भरल्या. म्हणून आधी लिहायचं, चर्चा नंतर.

मग भाकीत. दोरा कापायच्या आधी लांबी लिहायची, तीही पेनानं.

(दृश्य : जवळून. बुचाच्या दोन फाकांमध्ये धरलेला दोरा, खाली गोळा.)

लांबी दोऱ्याची नाही, गोळ्याच्या मध्यापर्यंतची धरायची. दोन सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याची त्रिज्या विसरली, तर मीटरभर लांबीत एक टक्क्याची चूक झालीच. मुंबईत उत्तर साधारण ९९.१५ सेंटिमीटर. गोळा पाच अंशांहून जास्त ओढायचा नाही. तीस अंशांना दोलनकाल जवळजवळ पावणेदोन टक्के वाढतो. आणि वेळ एका दोलनाची मोजायची नाही, वीस दोलनांची मोजून भागायची. स्टॉपवॉच दाबताना बोट दोन दशांश सेकंद चुकलं, तर एका दोलनात ती दहा टक्के चूक आहे, विसांत अर्धा टक्का.

लांबी आणि दोलनकाल यांवरून या जोडीनं काढलेलं गुरुत्वत्वरण आलंय १०.८४. खोडरबर बाहेर निघालंय.

इथे बाई थांबवतात. चूक कुठे ते सांगत नाहीत. ‘मोठ्यानं मोजून दाखव’ एवढंच म्हणतात.

(दृश्य : मुलगी गोळा सोडते. ‘एक…’)

गोळा सोडतानाच ‘एक’. ‘वीस’ म्हणेपर्यंत दोलनं झाली एकोणीस, भागलं विसानं. दोलनकाल पाच टक्के कमी, आणि सूत्रात त्याच्या वर्गानं भागायचं असल्यामुळे गुरुत्वत्वरण जवळपास अकरा टक्के जास्त. सुरुवात ‘शून्य’पासून करायला हवी होती. १०.८४ मधून हे शोधून काढता येतं. जुळवलेल्या ९.८१ मधून काहीच निघत नाही.

गुण दहा : भाकीत आणि त्यामागच्या कारणाला चार, चूक कुठे झाली ते शोधण्याला चार, उत्तराला दोन. ही विभागणी वर्ग सुरू व्हायच्या आधी फळ्यावर हवी. नाहीतर मुलं पुन्हा उत्तराकडेच धावतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. या पद्धतीत सत्रातले एकदोन प्रयोग गाळावे लागतात, आणि तपासायला वेळही जास्त लागतो.

(दृश्य : खिडकीपाशी. भोक पाडलेली पाण्याची बाटली लंबकासारखी झुलतेय, खाली बादली.)

ही कल्पना कुणाच्या तरी तिसऱ्या ओळीतली. पाणी गळतं तसं वस्तुमानकेंद्र, म्हणजे बाटली आणि पाणी यांच्या वजनाचा मध्य, खाली सरकतं; लंबक जणू लांब होतो आणि दोलन सावकाश होत जातं. मग बाटली रिकामी होत आली की पुन्हा जलद. हा बदल नेमका कधी उलटतो, यावर दोघांचं भांडण चाललंय. तास संपल्याची बेल झालीये. बादली अजून भरतेय.