अर्थाचा अनर्थ

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या जुलैतली गोष्ट. सावंतवाडीहून आंबोलीला निघालो होतो. दाणोली मागे पडली, घाट सुरू झाला आणि बघता बघता धुक्यानं गाडी गिळली. फॉग लाईटचं बटण दाबलं. डॅशबोर्डवरची खूण पेटली, पण बाहेर दोन्ही दिवे पणतीसारखे मिणमिणत होते. अप्पर मारला तर समोर पांढरी भिंतच उभी राहिली. गाडी 2005 सालची. माणसासारखं तिलाही मोतीबिंदूचं वय झालं असावं, असं म्हणून काठाची पांढरी पट्टी धरून कसाबसा वर पोचलो.

परत आल्यावर वायरमन म्हणाला, "काका, नवीन जोडी टाकून देऊ." मी म्हटलं, जरा थांब.

एकच दिवा गेला असेल तर दोष बहुधा त्या बाजूला असतो: बल्ब, होल्डर, नाहीतर कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लग. दोन्ही एकदम गेले तर दोघांत सामाईक काय आहे ते बघायचं. त्याआधी पार्किंग लाईट लावलाय ना, तेही बघा. कितीतरी गाड्यांत त्याशिवाय फॉग लाईट लागतच नाही, आणि लोक उगाच वायरी उपसत बसतात. मग फ्यूज. तो उडाला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. मोठा घातलात तर फ्यूजऐवजी वायर जळेल. रिलेचा, म्हणजे बटण दाबल्यावर दिव्यांना करंट जोडून देणाऱ्या स्विचचा संशय आला तर त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथं लावून बघा. नुसता 'टक' आवाज आला म्हणून रिले चांगला असं नसतं, आतले पॉइंट जळालेले असू शकतात.

माझ्या गाडीत हे सगळं ठीक होतं. वायरमननं बल्ब काढून कपलरला मीटर लावला, तर 12.4 व्होल्ट. "करंट तर पूर्ण येतोय!" तो म्हणाला. इथंच भले भले फसतात. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. 55 वॅटचा बल्ब मात्र साडेचार अँपिअर ओढतो. गंजानं चोंदलेल्या नळाचं असंच असतं. नळ बंद असताना दाब पूर्ण, उघडला की करंगळीएवढी धार.

म्हणून बल्ब परत बसवले, दिवे चालू ठेवले आणि मीटरचं एक टोक बल्बच्या अर्थाच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरला लावलं, दुसरं बॅटरीच्या मायनसला. इथं आकडा शून्याच्या जवळ हवा, फार तर अर्धा व्होल्ट. निघाला 3.8! म्हणजे बल्बला जेमतेम साडेआठ व्होल्ट मिळत होते. व्होल्ट तिसऱ्या हिश्शानं उतरले की हॅलोजनचा उजेड त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात घटतो.

करंट बॅटरीकडे परत जातो तो गाडीच्या पत्र्यातून, आणि दोन्ही दिव्यांची ती वायर बंपरमागे एकाच बोल्टला होती. पंधरा-वीस पावसाळ्यांचा चिखल खाऊन त्या बोल्टचा पार कोळसा झाला होता. तो काढला, खालचा पत्रा पॉलिशपेपरनं चकचकीत होईतो घासला, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली चोपडली. खर्च म्हणाल तर पॉलिशपेपरचा. वायरमननं मजुरी घेतली नाही. थोडा हिरमुसलाच होता.

दिवे लख्ख लागले. पारख करायला म्हणून पुढच्याच रविवारी आंबोली गाठली, तर नेमकं त्या दिवशी घाटात धुक्याचा पत्ता नव्हता.