उजवीकडची खिडकी

नमस्कार श्रोतेहो.

सुट्टीत देवमासे बघायला जायचं ठरलं की घरोघरी पहिली चौकशी बोटीची होते. आमच्याकडेही तेच झालं. आता कुणी विचारलं तर मी सांगतो, बोटीचं नंतर बघा. आधी आगगाडीचं तिकीट काढा, आणि खिडकी उजवीकडची मागून घ्या.

ही गाडी अलास्कातली, अँकरेजहून स्यूअर्डला जाणारी. अंतर १८३ किलोमीटर, आणि तेवढ्याला चार तासांहून जास्त वेळ. जून महिना होता. तिथे तेव्हा एकोणीस तास उजेड असतो. आदल्या रात्री अकरा वाजता मुलं खिडकीकडे बोट दाखवून "अजून संध्याकाळच आहे" म्हणून वाद घालत होती. सकाळी पावणेसातच्या गाडीत चढलो तेव्हा आम्ही पाचही जण अर्धवट झोपेत होतो.

शहर मागे पडलं आणि रूळ थेट पाण्याच्या काठाला येऊन भिडले, पाणी उजव्या हाताला. ही टर्नअगेन नावाची समुद्राची चिंचोळी पट्टी. १७७८ साली कॅप्टन कुकच्या माणसांना इथून पुढे वाट सापडेना, परत फिरावं लागलं, म्हणून हे नाव. माझ्या मुलाला हे फार आवडलं. पुढे दोन दिवस काहीही चुकलं की तो "टर्नअगेन!" म्हणायचा.

याच पाण्यात बेलुगा येतात, पांढरेशुभ्र, लहान चणीचे देवमासे. १९७९ साली इथल्या आखातात ते सुमारे तेराशे होते, आता तीनशेच्या आसपास उरलेत. २००८ पासून ते कायद्याने संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहेत. गाडीच्या खिडकीतून ते दिसू शकतात, हे कळल्यावर मुलगी जी काचेला चिकटली ती हललीच नाही. अडचण अशी, की वारा सुटला की लाटांचे माथेही पांढरे होतात. "तो बघा!" दहा वेळा झालं. दहाही वेळा लाट.

पुढे काठावर वाळून राखाडी झालेली झाडं उभी दिसली. १९६४ च्या ९.२ तीव्रतेच्या भूकंपात इथली जमीन खचली, खारं पाणी आत आलं आणि झाडं जागच्या जागी मेली. साठ वर्षं ती तशीच उभी आहेत. हे सांगणारी गाडीतली गाईड शाळकरी मुलगी होती. तिथे हायस्कुलातल्या मुलांना हे काम शिकवून देतात. मग काही काळ रस्त्याने आमची साथ सोडली. त्या टप्प्यात मोटार जातच नाही. बोगदे, वळणं, आणि रुळांपासून हाकेच्या अंतरावर वाटणारी निळसर हिमनदी.

स्यूअर्डला बोट. इथे माझी चूक सांगतो. आईला बोट लागते, हे मला ठाऊक होतं. गोळी निघण्याआधी तासभर द्यायची असते. मी दिली धक्का सुटल्यावर. पहिले दोन तास आईने समुद्र पाहिलाच नाही, समोरच्या बाकाचा पाया पाहिला.

तो पहिला देवमासाही तिलाच आधी कळला, कारण तो आधी ऐकू आला. मोठ्या टायरमधली हवा एकदम सोडावी तसा आवाज. तिने मान वर केली. "पाणी उडवतोय," मुलगा ओरडला. पाणी नव्हे, तो श्वास असतो. नावात मासा असला तरी त्याला हवा घ्यायला वर यावंच लागतं. बाहेर पडलेल्या उबदार श्वासाचं थंडीत धुकं होतं. वारा आमच्याकडे होता, त्यामुळे त्या श्वासाचा वासही आला. कुजक्या मासळीचा. एवढ्या लांबून लोक येतात ते या वासासाठी नक्कीच नाही.

हा हंपबॅक. हिवाळ्यात यांच्यातले बरेच हवाईजवळच्या कोमट पाण्यात असतात, तिथे पिल्लं होतात, पण खाणं जवळजवळ बंद. पोट भरायला हजारो किलोमीटर पोहून उन्हाळ्यात इकडे येतात. नियमाप्रमाणे बोटीने शंभर यार्डांच्या आत जायचं नाही, म्हणून कॅप्टनने लांबच थांबवली. पाठ वाकली, शेपूट सावकाश उभी राहिली. खालच्या बाजूला काळ्यापांढऱ्या खुणा होत्या. आपल्या बोटांच्या ठशांसारख्या त्या प्रत्येकाच्या वेगळ्या, त्यावरूनच अभ्यासक एकेकाला ओळखतात. मग पाणी मिटलं. माझा फोटो? नुसतं पाणी.

संध्याकाळच्या परतीच्या गाडीत मुलगा झोपला. टर्नअगेनला ओहोटी होती, खिडकीबाहेर मैलोनमैल चिखल. मुलगी तरी काचेला नाक लावून बसलेली. शेवटी तिने त्या गाईडला विचारलंच. ती म्हणाली, बेलुगा सामन माशांच्या मागे येतात, त्यामुळे जुलैच्या मध्यानंतर आणि ऑगस्टमध्ये जास्त दिसतात.

मला वाटलं आई डुलकी काढतेय. तिने डोळेही उघडले नाहीत. म्हणाली, "मग ऑगस्टचं तिकीट काढ. आणि गोळी माझी मी घेईन."