कुठलं भूत हुद्दा बघून वागतं? | नार्सिसिझम आणि ‘बाहेरची बाधा’

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये पुन्हा तेच आलंय: “ताई, नवरा बाहेर देवमाणूस, घरात राक्षस. कुणी करणी केली असेल का?”

नार्सिसिझमचं, म्हणजे टोकाच्या आत्मप्रेमाचं, बेसिक पटकन उरकते. नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे निदान १९८० साली डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत, आलं. लक्षणं ९, त्यातली किमान ५ हवीत: मोठेपणाचा तोरा, कौतुकाची भूक, दुसऱ्याच्या मनाची पर्वा नसणं, वगैरे. निदान तज्ज्ञ करतात. रील बघून सासूला लेबल लावणाऱ्यांनो, तुम्हालाच सांगतेय!

आता मुद्दा. साहेबांचा फोन आला की आवाज मधाळ, फोन ठेवला की परत शिवीगाळ. बाधा असती तर साहेबांपुढे गप्प बसली असती?

“पण अमावस्येला वाढतं हो!” बरं, लिहून ठेवा. गिरगावात आमच्या चाळीतल्या एक काकू कॅलेंडरवर भांडणाच्या दिवशी फुली मारायच्या. फुल्या कधी पडल्या? दिराने ठाण्यात फ्लॅट घेतला तेव्हा. पोराने चारचौघांत बापाची चूक काढली तेव्हा. अमावस्या बहुतेक कोऱ्याच!

हेच त्याच्या बाजूने बघा. त्याचा मोठेपणा लोकांच्या वाहवेवर उभा असतो. बाहेर ती मिळते, म्हणून तिथे तो जपून वागतो. घरच्यांना तो आतून-बाहेरून माहीत असतो, त्यामुळे साधी टीकाही त्याला अपमान वाटते. आतली लाज रागाच्या रूपात बाहेर पडते. हाइन्झ कोहुत या मनोविश्लेषकाने १९७२ साली या रागावर सविस्तर लिहिलंय.

आणि बाधा म्हटलं की तो सुटतो ना! “त्याचा काय दोष, बाहेरचं आहे.” धागा बायकोने बांधायचा, उपास तिनेच करायचे, याला जाब कुणीच विचारायचा नाही. माझं डोकं फिरतं ते इथे. बाबांचे नंबर टाकणाऱ्यांनो, तुमच्या कमेंट मी उडवतेय. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही ऐकून ठेवा.

उपचार? मुख्यतः बोलून केलेली थेरपी, तीही लांबलचक. यावर खास अशी गोळी नाही. असे लोक स्वतःहून क्वचितच येतात, म्हणून आधी तुम्ही बोला. टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हात उचलत असेल तर मात्र निदानाची वाट बघत बसू नका. १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा थेट ११२ (तातडीची मदत) लावा.