एकाच जबड्यात संथ आणि जलद

(दृश्य: येऊर, सकाळची वेळ. फळांनी लगडलेला उंबर, फांद्यांवर माकडांची टोळी.)

उपवन तलाव मागे टाकून येऊरचा चढ चढलं की ठाण्याच्या बाजूचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. इथे लालसर तोंडाची माकडं आहेत आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानरही आहेत. सध्या माकडांकडे बघू.

उंबर पिकला की माकड चावत बसत नाही, आधी कोंबतं. दोन्ही गालांत पिशव्या असतात, त्या टम्म फुगेपर्यंत. मग सुरक्षित फांदी गाठायची, हाताच्या पाठीने गाल दाबून एकेक फळ दाढांखाली सरकवायचं आणि निवांत चघळायचं. वानराला गालाच्या पिशव्या नाहीत. तो पाला ओरबाडतो, दळतो आणि पुढचं काम कप्प्याकप्प्यांच्या जठरावर सोपवतो.

(दृश्य: चघळणाऱ्या माकडाचं कानशील, अगदी जवळून.)

कानशिलावरची कातडी हलते आहे, दिसतंय? स्वतःच्या कानशिलावर बोटं ठेवा आणि दाढा आवळा. बोटांखाली जो फुगतो, तोच हा स्नायू, टेम्पोरॅलिस. जबड्याच्या कोपऱ्यापाशी गालावर टणक लागतो तो मॅसेटर. जबडा मिटायचं बरंचसं काम या दोघांचं.

वरून हा स्नायू एकसारखा वाटतो, पण आत दोन स्वभावांचे तंतू शेजारी शेजारी नांदतात. संथ तंतू हळू आकसतात, पण लवकर थकत नाहीत. जलद तंतू झटक्यात जोर लावतात आणि त्यांतले बरेचसे लवकर दमतात. हे ओळखायचं कसं? स्नायूचा तुकडा गोठवतात, त्याचा अगदी पातळ काप काढतात आणि त्यावर रासायनिक प्रक्रिया करतात. एका प्रक्रियेत जलद तंतू गडद दिसतात, संथ फिके. द्रावणाची आम्लता बदलली की रंग उलटे होतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो काप बघण्यासारखा असतो.

हा अभ्यास मुख्यतः ऱ्हीसस आणि खेकडेखाऊ माकडांवर झाला आहे, म्हणजे येऊरच्या माकडांच्या भावकीतच. त्यात दिसतं की संथ तंतूंची दाटी टेम्पोरॅलिसच्या पुढच्या, खोल भागात जास्त असते. मागच्या आणि वरवरच्या भागात जलद तंतूंचं राज्य. रोजचं चघळणं, म्हणजे कमी जोराचं पण हजारो वेळा करायचं काम, खोल भागाच्या वाट्याला येतं. कठीण कवच फोडायचं असलं किंवा कुणाला चावायचं असलं, की बाकीचे जागे होतात.

(दृश्य: नर जांभई देतो. सुळे दिसतात.)

ही जांभई झोपेची असेलच असं नाही, अनेकदा ती धमकी असते. एवढे लांब सुळे दाखवायचे तर जबडा तेवढा उघडला पाहिजे आणि स्नायूही तेवढा ताणला गेला पाहिजे. खेकडेखाऊ माकडांच्या नरांमध्ये चावण्याच्या स्नायूंतले तंतू माद्यांपेक्षा लांब आढळले आहेत, ते याचसाठी.

(दृश्य: फाटकाजवळ पर्यटकाच्या हातातली वेफर्सची पुडी माकड हिसकावतं.)

खायला घालू नका, अशी पाटी इथे आहे. तिला कोण विचारतो! मऊ खाण्याचा प्रश्न जबड्यापर्यंतही पोहोचतो. 1982 साली दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मऊ अन्नावर वाढलेल्यांचे दात कठीण अन्नावर वाढलेल्यांपेक्षा जास्त वेडेवाकडे बसले.

आता आपल्या जबड्याकडे येऊ. माकडांच्या चावण्याच्या स्नायूंत एक खास मायोसिन, म्हणजे स्नायू आकसवणारं प्रथिन, असतं. ते बनवणारं जनुक, एमवायएच सोळा, माणसातही आहे, पण त्याच्या डीएनएच्या साखळीतली दोन अक्षरं गळाली आहेत, त्यामुळे ते मायोसिन तयारच होत नाही. 2004 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हे मांडलं. हा बदल सुमारे 24 लाख वर्षांपूर्वीचा, आणि जबडा हलका झाल्यामुळे कवटी वाढायला मोकळीक मिळाली असावी, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला झकास, पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने हिशेब केला तो 53 लाख वर्षांचा, म्हणजे मेंदू मोठा होण्याच्या कितीतरी आधीचा. कवटीची गोष्ट तिथेच डळमळते. तंतूंमधला फरक मात्र कापात उघड दिसतो: माकडाच्या जबड्यातले जलद तंतू जाडजूड, माणसाचे बारीक.