मानसचे दोन काठ

श्रोतेहो, नमस्कार.

आसाममध्ये माथनगुरीला मानस नदीच्या काठावर उभं राहिलं, की पलीकडे दिसतं ते जंगल भूतानचं. मधे कुंपण नाही. इकडे आपलं मानस राष्ट्रीय उद्यान, तिकडे रॉयल मानस. हत्ती आणि वाघ कधी या काठाला, कधी त्या काठाला.

१९८५ साली आपल्या मानसला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला आणि पुढच्या काही वर्षांत होत्याचं नव्हतं झालं. आसाममधल्या बोडो समाजाच्या वेगळ्या राज्यासाठीच्या, म्हणजे बोडोलँड आंदोलनाचा तो अशांत काळ. वनरक्षकांना चौक्या सोडाव्या लागल्या, शिकाऱ्यांना रान मोकळं मिळालं. गेंडा तर एकही उरला नाही. १९९२ मध्ये युनेस्कोने मानसची नोंद धोक्यातल्या वारसास्थळांत केली.

२००३ साली सरकार आणि आंदोलकांमध्ये बोडो करार झाला. त्याच सुमारास उद्यानाच्या पूर्वेकडच्या भुइयांपारा भागातल्या गावकऱ्यांनी माओझिगेंद्री ही संस्था उभी केली. त्यांच्यात पूर्वी शिकार करणारे होते, लाकूड तोडणारेही होते. आता तीच माणसं गस्तीला निघाली. या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो. कुठल्या चोरवाटेने शिकारी शिरतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पुढे २००८ मध्ये आसाममधल्याच पोबितोरा अभयारण्यातून दोन गेंडे इथे आणून सोडले गेले. २०११ मध्ये मानस त्या धोक्याच्या यादीतून बाहेर पडलं.

दोन्ही देशांची उद्यानं एकत्र येऊन वाघ मोजू लागली ती याच सुमारास. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. दोन्हीकडच्या कॅमेऱ्यांतले फोटो शेजारी ठेवले, की नदी ओलांडणारा वाघ दोनदा मोजला जात नाही. आपल्या बाजूला २०१० मध्ये ९ वाघ होते, २०१८ मध्ये २५ झाले. भूतानकडे दोनच वर्षांत १२ चे २६.

हे आकडे सांगताना आनंद होतो, पण क्रम विसरू नये. गावकरी आधी उभे राहिले, देशांची जोडणी त्यानंतर झाली.

पावसाळ्यात उद्यान पर्यटकांसाठी बंद असतं. पाहुण्यांच्या राहण्याजेवणातून गावात येणारा पैसा तेवढे महिने थांबतो. शिकारी मात्र पाऊस बघून थांबत नाही, म्हणून गस्तही थांबवता येत नाही. चिखलातून, जळवांतून चालणाऱ्या या माणसांना बाराही महिने नियमित मानधन मिळायला हवं. दोन देश एकत्र बसतील, तेव्हा वाघांच्या आकड्यांआधी हा विषय निघावा.

नमस्कार.