समोरच्याच्या बाजूने

[दृश्य: काळा, छोटा कॅलक्युलेटर. अगदी जवळून. बोट बटणांवरून फिरतंय.]

हा कॅलक्युलेटर १९८७ सालचा. ब्राउन या जर्मन कंपनीचा, ईटी ६६. डिझाइन डिटर राम्स आणि डीट्रिश लुब्स यांचं. आकड्यांची बटणं काळी, बेरीज-वजाबाकीची तपकिरी आणि बरोबरच्या चिन्हाचं एकच बटण पिवळं. सगळी बटणं गोल, मध्ये जराशी फुगीर. बोट कुठे टेकायचं ते बोटालाच कळतं. आकडे टाकून झाले की नजर आपसूक पिवळ्यावर जाते. माहितीपुस्तिका उघडायची वेळच येत नाही.

बनवणाऱ्याची हुशारी इथे कुठेच मिरवत नाही. ती सगळीच्या सगळी वापरणाऱ्याच्या कामी आली आहे.

राम्स १९५५ मध्ये ब्राउनमध्ये आले आणि १९६१ ते १९९५ अशी चौतीस वर्षं तिथल्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते. माझं काम चांगलं आहे का, आणि ते ठरवायचं कशावरून, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. त्याचं उत्तर म्हणून पुढे दहा तत्त्वं आकाराला आली. चांगलं डिझाइन उपयोगी असतं, समजायला सोपं असतं, प्रामाणिक असतं. ते लुडबुड करत नाही. ते टिकतं. बारीकसारीक गोष्टीतही त्यात हयगय नसते. आणि दहावं तत्त्व, शक्य तितकं कमी डिझाइन.

यातली बरीचशी विशेषणं आपण माणसांनाही लावतो. फरक एवढाच, की स्वतःचा स्वभाव जोखताना आपण आतून पाहतो. मी प्रेमळ आहे, माझ्या मनात कुणाबद्दल काही नसतं, बोलतो तिखट पण पोटात माया आहे. असेलही. पण डिझाइनर पोटात काय आहे ते विचारत नाही. वापरणाऱ्याच्या हाताला काय लागतं, ते बघतो. स्वभावाकडे असं समोरच्याच्या बाजूने पाहायला लागलो, की बऱ्याच गोष्टी वेगळ्या दिसतात.

[दृश्य: काचेचं दार. एक माणूस ढकलतो, मग ओढतो.]

डॉन नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकाने अशा दारांकडे जगाचं लक्ष वेधलं. ज्या दारावर ‘ढकला’ अशी पाटी लावावी लागते, त्या दाराची रचनाच चुकलेली असते. आत येणारा माणूस वेंधळा नसतो.

[दृश्य: घराचा दरवाजा, आतल्या बाजूने. कुलूप उघडल्याचा आवाज.]

आता हा आवाज ऐका. कुणीतरी कामावरून घरी आलंय. आतल्या खोलीत मुलगी लिहिताना थांबते. चावी टेबलावर ठेवली की आपटली? चपला नीट काढल्या की भिरकावल्या? तेवढ्यावरून तिला संध्याकाळचा अंदाज बांधायचाय. गाणं चालू ठेवायचं की बंद करायचं, सहलीची परवानगी आज मागायची की उद्या. घरातलं प्रत्येक माणूस हेच करतंय, श्वास रोखून. आणि आलेल्या माणसाला याचा पत्ताही नाही. तो खरंच फक्त दमलेला आहे.

“दमलोय. अर्धा तास पडतो. कुणावर राग नाही माझा.” ही तीन छोटी वाक्यं म्हणजे ते पिवळं बटण. ती बोलायला फार मोठं मन लागत नाही, सवय लागते. आणि ज्या घरात ती बोलली जातात, तिथल्या मुलांना आवाजांवरून माणसं ओळखायचं कसब शिकावं लागत नाही.

प्रामाणिकपणाबद्दल राम्स यांचं म्हणणं नेमकं आहे. वस्तू मुळात आहे त्याहून जास्त ताकदवान किंवा मौल्यवान आहे असं भासवू नये, पाळता येणार नाही असं वचन तिने देऊ नये. “कधीही हाक मार, मी आहेच,” असं आपण किती सहज म्हणतो. त्यापेक्षा “आठवडाभर मला जमणार नाही, पण शनिवारी संध्याकाळी नक्की फोन करतो,” हे ऐकायला कोरडं वाटलं, तरी त्यावर विसंबता येतं.

[दृश्य: जुन्या लिफ्टचं रेखाटन. दोर, स्प्रिंग, दोन्ही बाजूंना दातेरी पट्ट्या.]

माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र या दहा तत्त्वांच्या बाहेर आहे. ती अभियंत्यांकडून घ्यायला हवी. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात लिफ्ट बनवणारे एलिशा ओटिस उंचावरच्या लिफ्टच्या फळीवर उभे राहिले आणि फळी तोलून धरणारा दोर त्यांनी सर्वांसमोर तोडायला लावला. फळी जराशी खाली आली आणि थांबली. दोराच्या ताणामुळे एक स्प्रिंग वाकलेली राहत होती. ताण गेला की ती सरळ होऊन बाजूच्या दात्यांमध्ये अडकायची. म्हणजे वाचवण्यासाठी ऐनवेळी कुणी काही करायची गरजच नव्हती. दोर तुटणार हे धरूनच सगळी बांधणी केलेली होती.

आपलाही दोर तुटतो. भांडणात, आजारपणात, पैशाच्या ओढाताणीत. त्या क्षणी शहाणपण सुचत नाही, जे आधी ठरलेलं असेल तेच होतं. म्हणून शांत असताना ठरवायचं. आवाज चढला की मी खोलीबाहेर जाईन आणि तासाभराने परत येईन. माहेरचा, पगाराचा, जुन्या चुकांचा उद्धार भांडणात करायचा नाही. रात्री रागात मेसेज पाठवायचा नाही. हे समोरच्यालाही सांगून ठेवायचं, म्हणजे आपलं निघून जाणं त्याला पाठ फिरवल्यासारखं वाटणार नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मारहाण, धाक, सततचा अपमान हे रचनेतले दोष नव्हेत. ज्याला हे सोसावं लागतंय, त्याने आपल्या वागण्यात काय सुधारता येईल ते शोधत बसू नये. त्याने मदत मागावी, बाहेर पडावं. आणि डिझाइन करायचं ते स्वतःच्या बाजूचं. दुसऱ्याला आपल्या मापाने घडवायला निघणं ही लुडबुडच.

[दृश्य: भिंतीवरची मांडणी. एक फळी काढून वर लावली जाते.]

राम्स यांची ही ६०६ मांडणी, १९६० सालची. आजही बनते, आणि नवे भाग जुन्या मांडणीवर बसतात. फळी वर घ्या, खाली घ्या, घर बदललं तर उतरवून न्या. वीस वर्षांचं लग्न, पन्नाशीतली मैत्री यांनाही अशी सोय लागते. माणूस पूर्वीचा राहिला नाही अशी तक्रार आपण करतो, तेव्हा बहुतेक वेळा फळी सरकवायला जागाच ठेवलेली नसते.

[दृश्य: टेबल. दोन माणसं समोरासमोर.]

डिझाइनर आपली वस्तू तपासतो, तेव्हा ती अनोळखी माणसाच्या हातात देतो आणि स्वतः गप्प बसतो. समोरचा अडखळला, चुकीचं बटण दाबलं, तरी ‘असं नाही, तसं’ म्हणायचं नाही. फक्त टिपून घ्यायचं.

आपल्या जवळच्या एका माणसाला विचारून पाहा, “माझ्याशी बोलताना तुला कुठे अडायला होतं?” आणि मग उत्तर पूर्ण होईपर्यंत खुलासा करू नका. “अगं, पण तेव्हा मी...” हे अगदी ओठांवर येईल. ते तिथेच थांबवा. पहिलं उत्तर बहुधा “काही नाही गं” किंवा “तसं काही नाही रे” असं असेल. जरा वेळ तसेच बसून राहा. दुसरं उत्तर त्यानंतर येतं.